एकाच सूर्याखाली

इटलीतील मोंतोने या डोंगरगावी २०२३ च्या जुलैत नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. त्यावरील लॅटिन बोधवाक्याचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. पुतळ्यांच्या गर्दीत ही कल्पना खरोखरच उठून दिसते. तरीही ते वाक्य आमच्या गळी सहज उतरत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या बेळगावात. तेव्हा घाडग्यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसचे गौरवपत्र आम्ही वकिली सवयीने, साक्ष वाचावी तसे वाचले. १० जुलै १९४४, टायबरचे खोरे. तुकडीतील सारे ठार वा जायबंदी. नायक एकटा उरला. त्याने हातबॉम्बने मशिनगन बंद पाडली, एकास गोळी घातली आणि काडतुसे बदलण्यास अवसर नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच ठार केले. मग दडलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. साक्ष चोख आहे. मात्र तीत गाव नाही, गावकरी नाहीत, आणि कुलाबा जिल्ह्यातला हा तरुण तेथे कोणाच्या युद्धात उभा होता तेही नाही. १९३९ साली व्हाइसरॉयने हिंदुस्थानला या युद्धात लोटले ते येथील लोकप्रतिनिधींना न विचारता.

नामदेव जाधवांची हकीकत याहून बोचरी. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले आणि मग एकट्याने तीन मशिनगनची ठाणी मोडली. जाधव अहमदनगर जिल्ह्याचे. आणि नगरच्याच किल्ल्यात १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद यांना कोंडण्यात आले होते. शिपाई ज्या सरकारचा, कैदीही त्याच सरकारचे!

सीमाभागातील आम्हां लोकांच्या तोंडी ‘मुक्ती’ हा शब्द अंमळ लवकर येतो, हे कबूल. परंतु या शिपायांना भाडोत्री म्हणणे आम्हांस मान्य नाही. ज्या घरावरची जर्मन तोफ हटली, ते घर सुटले. सोडविणारा स्वतः पारतंत्र्यात होता म्हणून त्या सुटकेस उणेपणा येत नाही. उणेपणा आहे तो बोधवाक्यात. त्या जुलैत सूर्य एक असला तरी त्याखालची माणसे सारखी नव्हती, एवढे सांगणारी एखादी ओळ त्या दगडावर मावली असती.

घाडग्यांचे थडगे नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. जाधवांची पहिली पलटण पुढे डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज अंमलाखालील दमणमध्ये शिरली. त्या वेळी हुकूम दिल्लीचा होता.