विनामूल्य अभ्यासक्रम आणि अध्यापक

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०१२ साली विद्युत्-परिपथ व इलेक्ट्रॉनिकी हा अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य खुला केला. सुमारे १,५५,००० नोंदणी करणाऱ्यांपैकी ७,१५७ उत्तीर्ण झाले. पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या ३४० जणांत मंगोलियातील उलानबातरचा एक १५ वर्षांचा विद्यार्थी होता. विकसनशील देशांना विद्यापीठाचे दार उघडले, याचा पुरावा म्हणून त्याचे उदाहरण दिले जाते. हा निष्कर्ष अपुरा होय. त्याच्या शाळेने स्टॅनफर्डहून एक मार्गदर्शक बोलावला होता. त्याने सोबत उपकरणे आणून मुलांकडून प्रयोग करवून घेतले. व्याख्यान फुकट मिळाले, प्रयोगशाळा व शिक्षक मात्र पुरवावे लागले. तेव्हा असे अभ्यासक्रम स्थानिक अध्यापनाचे साधन ठरतात, पर्याय नव्हे. त्यांच्या भरवशावर अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवणे हा विद्यार्थ्यांवर अन्याय होईल.