झोळीची उपमा कुठे कमी पडते?

स्त्रीच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू समजावून देताना झोळीची उपमा हटकून दिली जाते. पुढे जघनास्थी, मागे माकडहाड, त्यांच्यामध्ये बांधलेली झोळी आणि तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय व मलाशय. उपमा सोपी आहे, जागाही बरोबर दाखवते. तरीही ती अपुरी आहे, असे आम्हांला वाटते. झोळी नुसते ओझे झेलते; स्नायू सतत काम करत असतो.

शिरड शहापूरची एखादी बाई शेतात काम करता करता खोकते, तेव्हा काय होते पाहा. खोकल्याने पोटातला दाब एकदम वाढतो. निरोगी स्त्रीमध्ये हे स्नायू दाब वाढण्याच्या क्षणभर आधीच आकसतात, किंचित वर उचलले जातात आणि मूत्रमार्ग मिटून धरतात. एरवीही त्यांच्यात थोडा ताण असतोच. श्वास घेताना श्वासपटलाबरोबर हा तळ जरासा खाली जातो, सोडताना वर येतो. लघवीच्या वेळी आधी हे स्नायू सैल होतात, मग मूत्राशय आकसते. आकसणे आणि योग्य वेळी सैल होणे, दोन्ही त्यांचीच कामे.

झोळीच्या चित्रात हे दिसत नाही. उलट, बाळंतपणात एकदा सैलावली ती कायमची, असा समज होतो. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंना व्यायामाने बळ देता येते, असे मांडले. नियमित व्यायामाने लघवी गळण्याचा त्रास कमी होतो, हे पुढील चाचण्यांत दिसले. फाटलेला स्नायू मात्र व्यायामाने जुळत नाही. तिथे डॉक्टरच हवेत.

पण बाई डॉक्टरकडे जाते का? डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अभ्यास या स्नायूंपुरता नव्हता, पण न बोलता सोसण्याची सवय त्यातून कळते. ‘अंग बाहेर येणे’ हेही असेच सोसले जाते.

म्हणून शिक्षकांनी वर्गात झोळी जरूर सांगावी, पण तिथे थांबू नये. मुलामुलींना पोटावर हात ठेवून खोकायला सांगावे. हाताखाली पोट घट्ट होते, तसाच खालचा तळही आवळतो. एवढे कळलेली मुलगी पुढे त्रास झाल्यास त्याला नशीब म्हणणार नाही.