देहाचा निरोप

सोसायटीतल्या एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या निधनाची बातमी ग्रुपवर आली की पाठोपाठ ‘आत्म्यास शांती लाभो’ची रांग लागते. भावना नेक असते, त्याबद्दल वाद नाही. पण वाशीच्या सेक्रेड हार्टमध्ये किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये अंत्यविधीला जाऊन बसलात आणि नीट पाहिलंत, तर दिसतं की तिथे आत्म्याहून देहाचीच सरबराई अधिक चालली आहे. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, तिला धूप दाखवतात, तिच्याशेजारी मेणबत्ती तेवत ठेवतात. गीतेवर वाढलेल्या आपल्या मनाला देह म्हणजे उतरवून ठेवलेलं जीर्ण वस्त्र. मग उतरवलेल्या वस्त्राला कुणी धूप का दाखवेल?

या प्रश्नाचं उत्तर ‘प्रेषितांचा मतांगीकार’ म्हणून जो श्रद्धेचा जुना मसुदा आहे, त्यात मिळतं. त्याच्या शेवटी शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास सांगितला आहे; आत्मा अमर आहे, असं त्यात कुठे म्हटलेलंही नाही. ख्रिस्ती माणसाची मरणापुढची आशा म्हणजे देहातून सुटका नव्हे, देहासकट उठणं. हे एकदा ध्यानात घेतलं की अंत्यविधीचा एकेक तपशील बोलू लागतो.

मेणबत्तीचंच घ्या. ती काही वेदीवरची नेहमीची मेणबत्ती नव्हे. ईस्टरच्या आदल्या रात्री, अंधाऱ्या चर्चमध्ये नव्या अग्नीवर पेटवतात ती पास्काची मेणबत्ती, चांगली जाडजूड आणि उंच. तिच्या अंगावर क्रूस कोरलेला असतो, वर आल्फा आणि खाली ओमेगा, क्रूसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच दाणेही तिच्यात खोवता येतात. याच मेणबत्तीवर बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची छोटी मेणबत्ती पेटवतात, आणि अंत्यविधीला तीच शवपेटीजवळ आणून ठेवतात. पवित्र पाणीही बाप्तिस्म्याचीच आठवण. जिथे पेटीवर पांढरं कापड घालायची पद्धत आहे, तिथे ते बाळाला नेसवलेल्या शुभ्र कपड्याचं पुढचं रूप. म्हणजे या प्रसंगात नवं असं काहीच वापरलेलं नाही. आयुष्याच्या पहिल्या विधीतलं साहित्य शेवटच्या विधीत तसंच्या तसं परत येतं. चांगल्या रचनाकाराला मोह होतो तो नवी सामग्री आणण्याचा, इथे तो आवरला आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पारंपरिक पद्धतीप्रमाणे प्रापंचिक माणसाची पेटी ठेवतात ती पाय वेदीकडे करून. तो जणू नेहमीसारखा बाकावरून वेदीकडे पाहतो आहे. धर्मगुरूची पेटी उलटी, डोकं वेदीकडे. जिवंतपणी ते लोकांकडे तोंड करून उभे असायचे, मेल्यावरही तसेच. पेटीच्या दिशेतून माणसाचं उभं आयुष्य सांगितलं जातं आणि त्यावर कुणी भाष्य करत नाही. भाष्य करत नाहीत हेच मला आवडतं. (भाष्याची हौस हल्ली मित्रमंडळी भाषणांत पुरवून घेतात. वास्तविक मिस्सा या उपासनेतलं प्रवचन मृताच्या स्तुतीसाठी नसावं, असा नियमच आहे. पाळतो कोण!)

हा विधी आजच्या रूपात फार जुना नाही. सुधारित अंत्यविधी रोमने १५ ऑगस्ट १९६९ रोजी जाहीर केला आणि तो १ जून १९७० पासून लागू झाला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. म्हणजे वाशी-नेरुळच्या नोड्समध्ये विधी आणि शहर एकाच वयाचे. उरणकडच्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीची गोष्ट वेगळी. सुधारणेआधी धर्मगुरूंचा झगा काळा असे आणि मिस्सेत ‘दिएस इरे’ हे तेराव्या शतकातलं लॅटिन स्तोत्र गायलं जाई. क्रोधाचा दिवस, जगाची राख, उघडलेली हिशेबाची वही, थरथरणारा माणूस. मोझार्ट आणि वेर्दी यांनी त्या भयाला दिलेलं संगीत ऐकलं की भयानक रस म्हणजे काय ते कळतं. सुधारणेत ते स्तोत्र अंत्यविधीतून गेलं, काळ्याच्या जोडीला जांभळा आणि पांढरा रंग आला, ईस्टरचा आल्लेलुया आला. विधी भयानकाकडून शांताकडे वळला. रोममध्ये पांढरा हा पुनरुत्थानाचा रंग. आपल्याकडे तो शोकाचाही. इथे एकच झगा दोन्ही अर्थांनी वाचता येतो. बाकांवर बसलेले आप्त मात्र अजून काळेच कपडे घालून येतात.

आता भय गेलं की शांत रस पातळ होतो, ही माझी पहिली तक्रार होती. न्यायच नसेल तर क्षमेला वजन कुठून येणार? तिच्याकडे पुढे येतो.

आधी वाटेतला एक प्रश्न. देह उठायचा असेल तर तो जाळायचा कसा? इ. स. १७७ मध्ये ल्यों शहरातल्या ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह रोमनांनी जाळून राख रोन नदीत लोटली. हेतू हा, की हे लोक पुन्हा उठण्याची आशाच करू शकणार नाहीत. दहनाविषयीची अढी अशी जुनी आहे. कॅथलिकांना दहनाची मुभा १९६३ साली मिळाली. राख उधळू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी, असं रोमच्या २०१६ च्या आदेशात पुन्हा बजावलं गेलं. मुंबई परिसरात जागेची टंचाई इतकी, की काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवण्याची पद्धत पडून गेली आहे. त्यापुढे राखेचा कलश फार परका वाटत नाही.

मराठीत दहनाचा हा प्रश्न १९६३ च्या मुभेच्या कितीतरी आधी एका कवीने स्वतःपुरता सोडवला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट. ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं आणि रक्षा अहमदनगरला नेऊन पुरली. देशी रीत आणि ख्रिस्ती आशा यांत त्यांना भांडण दिसलं नाही. मातीतून माणूस घडवणाऱ्याला राख काय जड! ख्रिस्ताचं चरित्र सांगणारं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. पुढचे चौसष्ट अध्याय पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि शेवट मुलाने, देवदत्तांनी केला.

आता शांत रस पातळ झाल्याची ती तक्रार. मिस्सा संपते, क्षणभर सगळे गप्प राहतात, पेटीला पाणी आणि धूप होतो, आणि पेटी उचलताना ‘इन पारादिसुम’ हे छोटं लॅटिन गीत म्हणायचं असतं. विधीचा माझ्या मते हा सर्वोत्तम क्षण. तोवर जवळपास सगळं बोलणं देवाशी चाललेलं असतं आणि मृत माणूस तृतीयपुरुषात असतो. इथे गीत एकदम त्याच्याकडे वळतं आणि त्याला ‘तू’ म्हणतं. देवदूत तुला पुढे नेवोत, हुतात्मे सामोरे येवोत, यरुशलेमात तुला प्रवेश मिळो, अशा आशयाच्या शुभेच्छा. सासरी निघालेल्या मुलीला द्यावेत तसे हे शब्द आहेत. सूर हलका, जवळजवळ घरगुती.

शेवटी नाव येतं लाजरसचं. बायबलमध्ये लाजरस दोन. एक बेथानीचा, येशूचा मित्र. त्याला थडग्यातून उठवण्याआधी, उठवणार हे ठाऊक असूनही, येशू रडला होता. म्हणून या विधीत कुणी अश्रू आवरायला सांगत नाही. पुनरुत्थानाचं गाणं म्हटल्यावर आपल्याला याच लाजरसची अपेक्षा असते. पण गीत निवडतं दुसऱ्याला: लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतात श्रीमंताच्या दाराशी पडलेला, ज्याचे फोड कुत्री चाटत तो भिकारी. येशूच्या दृष्टांतांत नाव मिळालेला तो एकटा. श्रीमंत बिननावाचाच राहतो. मेल्यावर भिकारी अब्राहामाच्या उराशी पोचतो आणि ज्वाळांत पडलेला श्रीमंत त्याच्या बोटावरचं थेंबभर पाणी मागतो.

‘दिएस इरे’तला न्याय असा या शुभेच्छेच्या पोटात शिरून बसला आहे. एकेकाळी गरीब असलेल्या लाजरससोबत तुला विसावा मिळो, असं म्हणताना गीत मृताला भिकाऱ्याशेजारी बसवतं, आणि आयुष्यभर त्याच्या दाराशी कोण बसलं होतं हेही न विचारता विचारतं. करुणेत भय इतकं विरघळवलेलं मी फार थोड्या रचनांत पाहिलं आहे.

हल्ली पुष्कळदा या गीताच्या जागी गिटारवर एखादं लोकप्रिय इंग्रजी भजन वाजतं. गाणारी मुलं मनापासून गातात, पण भजनात गाणारा मृताला सोडून स्वतःविषयीच बोलत राहतो. गायकवृंदाने कुठल्याही भाषेत का होईना, ‘इन पारादिसुम’ म्हणावं. पेटी वेदीपासून दारापर्यंत पोचायच्या आत ते संपतं. वेळ नाही ही सबब त्याला लागू होत नाही.