गुन्हेगार ठाऊक असताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनप्रेमी स्नेह्यांच्या मासिक बैठकीत ‘आपली आवडती रहस्यकादंबरी’ असा विषय ठेवण्यात आला होता. एरवी या बैठकीत संतवाङ्मय, नवकविता, आत्मचरित्रे असे भारदस्त विषय असतात आणि बोलणारे दोघे-तिघेच असतात. या वेळी मात्र प्रत्येकाला बोलायचे होते. एक गोष्ट तेव्हाच आमच्या ध्यानी आली. जवळजवळ प्रत्येक वक्त्याने आरंभ क्षमायाचनेने केला. ‘तसे आम्ही गंभीरच वाचतो, पण प्रवासात, आजारपणात, दुपारी झोप येईना म्हणून...’ अशी प्रस्तावना झाल्याखेरीज कोणीही पुस्तकाचे नाव घेतले नाही. ज्ञानेश्वरीवर बोलताना कोणी ‘आजारपणात वाचली’ असे सांगत नाही. रहस्यकथेच्या वाट्यालाच हा संकोच का यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्या सायंकाळी निघालेली नावे मोठी बोलकी होती. सत्तरी ओलांडलेल्यांनी एकमुखाने बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेतले आणि झुंजार श्रेष्ठ की काळा पहाड, यावर खडाजंगीही झाली. इंग्रजी वाचणाऱ्यांनी शेरलॉक होम्स आणि अगाथा ख्रिस्ती वाटून घेतले. माळव्यात वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या ओठी इब्ने सफींचे नाव येणे स्वाभाविकच होते. त्यांचा उर्दूतील कर्नल फरीदी हिंदीत कर्नल विनोद होऊन आमच्या घरांत शिरला होता. भगिनीवर्गातून ब्योमकेश बक्षीला बहुमत मिळाले. अर्थात हा ब्योमकेश पुस्तकातला नव्हता. १९९३ साली दूरदर्शनवर आलेल्या, बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या हिंदी मालिकेतला तो होता.

आवडीहूनही वाचनाच्या सवयी अधिक रंजक निघाल्या. एक सद्गृहस्थ संशयितांची नावे कागदावर लिहून काढतात आणि प्रत्येक प्रकरणानंतर एकेकावर काट मारतात. एका वहिनींना कोडे सुटण्याशी कर्तव्यच नाही. होम्सच्या बेकर स्ट्रीटवरील खोलीत जाऊन बसावेसे वाटते, म्हणून त्या वाचतात. खरा वाद पेटला तो शेवटचे पान आधी पाहणाऱ्यांवरून. चौघांनी हा अपराध कबूल केला आणि उरलेल्यांनी त्यांना जवळजवळ वाळीतच टाकले. खुनी कळल्यावर पुस्तकात उरते काय, असा रोकडा सवाल त्यांना टाकण्यात आला. आमच्या मते रहस्यकथेच्या समीक्षेचा मूलभूत प्रश्न नेमका हाच आहे. कारण गुन्हेगार कळल्यावर पुस्तकात काहीच उरत नसेल, तर त्या पुस्तकाला हलके म्हणणारे बरोबर आहेत. काही उरत असेल, तर ते काय उरते हे सांगण्याची जबाबदारी आपणा वाचकांवर येते.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका अपघाताने मिळाले होते. नोकरीच्या उमेदवारीच्या काळात आम्ही एका वाचनालयातून अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही १९२६ची कादंबरी आणली. पहिले प्रकरण उघडले, तो समासात कोणा सज्जनाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले! त्या अज्ञात इसमाला मनोमन शिव्या दिल्या. दुसरे पुस्तक हाताशी नव्हते, म्हणून निरुपायाने तेच वाचावयास घेतले. निवृत्त होऊन खेड्यात भोपळ्यांची लागवड करीत बसलेला आणि त्या उद्योगाला पुरता कंटाळलेला पायरो हा डिटेक्टिव्ह तेथे भेटला. कथा पुढे सरकू लागली आणि आम्ही चकित झालो. नाव ठाऊक असल्यामुळे आमची नजर गुन्हेगाराऐवजी लेखिकेवर खिळली होती. प्रत्येक पानावर ती सत्य सांगत होती. कोठेही तिने धडधडीत असत्य लिहिलेले नव्हते. वाक्ये अशी रचलेली, की पहिल्या वाचनात त्यांचा एक अर्थ लागावा आणि जाणत्याच्या वाचनात दुसरा. दोन्ही अर्थ प्रामाणिकच. तो खुनी कोण, हे आम्ही येथेही सांगणार नाही. रहस्यकथेच्या समीक्षकाने पाळावयाचा तो पहिला शिष्टाचार आहे. या कादंबरीवर फसवणुकीचा आरोप झाला, तेव्हा डोरोथी सेयर्स या समकालीन लेखिकेने तिची बाजू घेतली, एवढे मात्र नमूद करावयास हवे. पेन्सिलीने नाव लिहिलेली ती प्रत वाचल्यावर आमचाही कौल सेयर्सबाईंच्या बाजूने पडला.

हा जो वाचकाशी केलेला न्याय, तोच या वाङ्मयप्रकाराचा आत्मा होय. एडगर ॲलन पोने १८४१ साली पहिली डिटेक्टिव्ह कथा लिहिली. होम्स १८८७ साली अवतरला. परंतु खेळाचे नियम शब्दबद्ध झाले ते पुढे, इंग्लंडात. रोनाल्ड नॉक्स या लेखक-धर्मोपदेशकाने १९२९ साली दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेच्या आरंभीच वाचकाच्या दृष्टीस पडलेला असावा. अमानवी शक्तीची मदत घेऊ नये. शास्त्राला अज्ञात असलेले विष वापरू नये. डिटेक्टिव्हने स्वतः गुन्हा करू नये. आणि त्याला गवसलेला प्रत्येक दुवा वाचकापुढेही तत्काळ मांडलेला असावा, असे त्यांतील काही. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला आणि चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

ज्यांनी सरकारी सेवेत विभागीय चौकशा केल्या आहेत, त्यांना यांतील शेवटचा नियम ओळखीचा वाटेल. जो कागद अपचारी कर्मचाऱ्यास दाखविला नाही, त्याचा आधार घेऊन निष्कर्ष काढता येत नाही. नैसर्गिक न्यायाचे हे तत्त्व आम्ही सेवेच्या आरंभी शिकलो. पण त्याची गोडी आम्हांस रहस्यकथेने आधीच लावली होती. सामान्यतः आपण माणसांविषयी मत आधी बनवितो आणि पुरावा मागाहून शोधतो. हा वाङ्मयप्रकार नेमक्या त्याच सवयीवर बोट ठेवतो. दाढी वाढलेला, कर्जबाजारी, तुसडा इसम पाहून आपण त्याच्यावर मनातल्या मनात आरोपपत्र ठेवतो आणि अखेरीस शरमून जातो. अशा शरमेचे संस्कार करणाऱ्या पुस्तकाला केवळ करमणूक म्हणणे योग्य ठरेल काय?

आता या कसोटीवर आपल्या मराठी रहस्यकथेला घासून पाहिले पाहिजे. अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, हे सर्वश्रुत आहे. त्यांची भाषा वेगवान, वाक्ये आखूड, आणि प्रकरण असे तुटणारे की पुस्तक मिटणे अशक्य. पण न्यायाच्या कसोटीवर ते उणे पडतात, हे प्रेमापोटी लपविण्यात अर्थ नाही. त्यांच्या कथेत वेषांतर, पाठलाग आणि सुटका यांचे राज्य असते. वाचकापुढे दुवे ठेवून त्याला तर्क करावयास लावणे, हा त्यांचा हेतूच नव्हे. झुंजार अनुमानाने जिंकत नाही. तो धाडसाने आणि औदार्याने जिंकतो. म्हणजे त्या वस्तुतः साहसकथा होत. तसे पाहता साहसकथा हाही सन्मान्य प्रकार आहे. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला घेऊन मुलांसाठी त्याचे किती सुंदर रूप घडविले, ते आपण जाणतो. पुढे सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद अशी एकाहून एक निराळी पात्रे उभी केली. त्यांत बुद्धीला खाद्य निश्चितच अधिक होते. परंतु शिरवळकरांकडे आदराने पाहिले गेले ते १९८२च्या ‘दुनियादारी’मुळे. रहस्यकथाकार म्हणून नव्हे.

बंगालीत हे असे घडले नाही. सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’ या आपल्या घराण्याच्या बालमासिकात फेलूदाला जन्म दिला, तेव्हा ते जगद्विख्यात दिग्दर्शक होते. हेरकथा लिहिणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. त्यांचा फेलूदा एका कथेत वेरूळच्या लेण्यांपर्यंत आला आणि दुसऱ्या एका कथेत मुंबईत वावरला. त्याहून विचार करावयास लावणारे उदाहरण ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचे आहे. त्यांचा जन्म १८९९ साली जौनपूरचा. वास्तव्य बिहारातील मुंगेरचे. १९३८ साली ते चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईस आले आणि १९५२पासून पुण्यात स्थायिक झाले. १९७० साली त्यांचे निधन झाले. ब्योमकेशच्या पहिल्या कथा १९३२च्या. मध्यंतरीच्या सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतर १९५१च्या सुमारास त्यांनी त्याला पुन्हा हाती घेतले. म्हणजे कलकत्त्याच्या गल्लीबोळांचा श्वास ज्यांत ऐकू येतो, अशा उत्तरकाळातील कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या!

या कथांत कोडे आहेच. पण त्याबरोबर काळही आहे. ‘आदिम रिपु’ ही कथा कलकत्त्यातील दंग्यांच्या पार्श्वभूमीवर घडते आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचते. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द रुचत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. तो विवाह करतो, बाप होतो, त्याचे वय वाढते. खुनी ठाऊक असूनही या कथा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. शरदिंदूंनी शिवकाळातील सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या साहसकथाही बंगालीत लिहिल्या. त्यांच्या ऐतिहासिक लेखनाचा बंगालीत जो मान, त्याच हाताने लिहिलेल्या ब्योमकेशचाही तोच मान. त्यांनी आपल्या लेखणीला दोन निराळी ताटे मांडली नाहीत.

आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेली माणसे. म्हणूनच आम्हांस या लेखकाविषयी विशेष जवळीक वाटते. बंगालबाहेर जन्मलेल्या, बंगालबाहेरच आयुष्य काढलेल्या माणसाने बंगालीला तिचा सर्वांत लाडका सत्यान्वेषी दिला. भाषेपासून अंतर असले म्हणजे लेखणी पातळ होते, ही आपली एक जुनी समजूत आहे. शरदिंदूंनी ती खोटी पाडली.

मराठीत प्रतिभेची वाण होती, असे आम्हांस वाटत नाही. वाण होती ती परीक्षकांची. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ साली गणेश घोटे नावाचा मुंबई पोलिसांतील एक भिडस्त, प्रामाणिक इन्स्पेक्टर निर्माण केला आणि त्याच्यावर पुढे कादंबऱ्यांची मालिका लिहिली. गंमत अशी, की त्यानंतर सुमारे दहा वर्षे कीटिंगने भारत पाहिलाही नव्हता. दुरून ऐकलेल्या मुंबईत त्यांना जो नायक दिसला, तो आपल्या शेजारच्या चाळीत राहत असूनही आपल्या प्रतिष्ठित साहित्यिकांना दिसला नाही. दिसला असता, तरी त्याच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे परीक्षण कोणी केले असते? जेथे चांगल्या-वाईटाचा निवाडा होत नाही, तेथे लेखकाला चांगले लिहिण्याची निकड भासत नाही. अर्नाळकरांवर प्रेम पुष्कळांनी केले. ‘येथे आपण दुवा लपविलात’ असे त्यांना कोणी आदराने सुनावले नाही. टीकेस अपात्र ठरविणे हाही एक अन्यायच होय.

या अन्यायात आमचाही हात आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या समितीवर असताना ग्रंथगणना झाली आणि बाद करावयाच्या पुस्तकांची यादी सहीसाठी आमच्यापुढे आली. शेऱ्याच्या रकान्यात ‘जीर्ण, हलके वाङ्मय’ असे लिहिलेले होते. रहस्यकथांची दोन कपाटे त्यात गेली. आयुष्यभर पुरावा पाहिल्याशिवाय सही न करणाऱ्या आम्ही ती यादी न वाचता सही केली. पुढे सहज दाखल-नोंदवही चाळली, तेव्हा कळले की पेन्सिलीने नाव लिहिलेली ती प्रतही रद्दीत गेली होती. त्याहून मोठी हानी मराठी पुस्तकांची. आमच्या पिढीतील अनेकांचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी बोलणे होते, वाचणे नव्हते. अडखळत, अक्षर लावीत वाचणाऱ्या त्या मुलांना सलग दीडशे पाने मराठी वाचण्याचा दम दिला तो पाठ्यपुस्तकांनी नव्हे, तर झुंजारने. त्यांतलेच काही पुढे केतकरांपर्यंत आणि मर्ढेकरांपर्यंत पोहोचले. जिन्याची पहिली पायरी झिजली म्हणून ती उखडून टाकावयाची नसते.

म्हणून या वार्तापत्राच्या वाचकांना आमची दोन नम्र आर्जवे आहेत. आपल्या घरच्या माळ्यावर जुन्या रहस्यकथा असतील, तर त्या रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. आणि त्यांतील एखादी, गुन्हेगार ठाऊक असताना, पुन्हा वाचून काढावी. दुसऱ्या वाचनात जी टिकेल, तिच्याविषयी येथे चार ओळी लिहाव्यात. न टिकल्यास ती का टिकली नाही, तेही लिहावे. मात्र आरंभी क्षमायाचना नसावी. आणि खुन्याचे नाव, कृपा करून, पेन्सिलीनेही लिहू नये.