औषधावरून आजाराकडे : स्किझोफ्रेनियाविषयीच्या डोपामिन गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

मानसशास्त्राच्या वर्गात स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता हा घटक शिकविताना ‘मेंदूतील डोपामिन वाढल्यामुळे हा आजार होतो’ असे विधान बहुधा एका वाक्यात केले जाते. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात आणि पुढे समुपदेशनाच्या निमित्ताने तेच वाक्य रुग्णाच्या कुटुंबापर्यंत पोहोचते. औषध मेंदूत कोठे कार्य करते हे कळले म्हणजे आजार कोठून उद्भवतो हेही कळले, असे मानता येईल काय, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

गृहीतकाचा उगम

या क्षेत्रात औषध आधी सापडले आणि सिद्धान्त नंतर आला. फ्रान्समध्ये १९५० साली क्लोरप्रोमाझीन तयार झाले. १९५२ साली ज्याँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात मनोरुग्णांवरील त्याचा परिणाम नोंदविला. दुसरा धागा भारतातील आहे. सर्पगंधा या वनस्पतीचा उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली मांडला होता. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण सिद्ध केला. १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन वेगळे करण्यात आले आणि तेही मनोविकारांवर वापरले गेले.

ही दोन्ही औषधे गुणकारी का ठरतात, याचा शोध स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी घेतला. रेसर्पीनमुळे मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो, असे त्यांच्या संशोधनातून दिसले. क्लोरप्रोमाझीन व हॅलोपेरिडॉल ही औषधे ग्राहींवर बसून संदेश अडवीत असावीत, असे अनुमान त्यांनी मार्गिट लिंडक्विस्ट यांच्यासह १९६३ साली मांडले. औषध जितके घट्टपणे डोपामिनच्या ग्राहीला चिकटते तितकी त्याची आवश्यक मात्रा कमी असते, हे १९७५-७६ मध्ये फिलिप सीमन आणि सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले. हा ग्राही पुढे डी-२ म्हणून ओळखला गेला. येथून गृहीतकाला बळ मिळाले.

तर्कातील उणीव

वरील पुरावा औषधाविषयी आहे. आजाराच्या कारणाविषयी तो थेट काही सांगत नाही. हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णाच्या पायावरील सूज लघवी वाढविणाऱ्या गोळीने उतरते. गोळी मूत्रपिंडावर कार्य करते, म्हणून विकार मूत्रपिंडात आहे असे कोणी म्हणत नाही. डोपामिनच्या बाबतीत मात्र नेमकी हीच उडी घेतली गेली.

तीन निरीक्षणे या उडीच्या आड येतात. पहिले, ग्राही काही तासांत अडविले जातात, परंतु पुरेशी सुधारणा दिसण्यास अनेक दिवस किंवा आठवडे लागतात. दुसरे, भास व भ्रम ओसरले तरी भावशून्यता, निरिच्छता आणि विचारक्षमतेतील घट यांवर या औषधांचा फारसा परिणाम होत नाही. तिसरे निरीक्षण क्लोझापीनचे. हे औषध डी-२ ग्राहीला सैलपणे चिकटते. तरीही जॉन केन व सहकाऱ्यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात, इतर औषधांनी बरे न वाटलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के रुग्ण क्लोझापीनने सुधारले. क्लोरप्रोमाझीन घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. डी-२ ला घट्ट चिकटणे हेच सर्व काही असते, तर असे घडते ना.

गृहीतकातील तथ्यांश

तथापि गृहीतक सर्वस्वी त्याज्य ठरविणेही न्याय्य होणार नाही. अनेक रुग्णांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात डोपामिनची निर्मिती व स्राव वाढलेला असतो, असे १९९० च्या दशकापासूनच्या मेंदूप्रतिमांच्या अभ्यासांतून आढळले आहे. मात्र प्रचलित औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत ही वाढ दिसत नाही, असे २०१२ सालच्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे एकाच नावाखाली एकाहून अधिक प्रक्रिया नांदत असण्याची शक्यता आहे. केटामीन व फेन्सायक्लिडीन ही द्रव्ये ग्लुटामेटचा एक ग्राही अडवितात आणि निरोगी व्यक्तीतही आजारासदृश लक्षणे निर्माण करतात. २०१४ सालच्या व्यापक जनुकीय अभ्यासात आजाराशी निगडित १०८ जनुकीय स्थाने आढळली. त्यांत डी-२ ग्राहीच्या जनुकाचे स्थान होते, तसेच ग्लुटामेटशी संबंधित जनुकांचीही होती. डोपामिनमधील बिघाड हा अनेक वाटा जेथे मिळतात असा टप्पा असावा, असे या पुराव्यावरून म्हणता येते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलीन व ट्रॉस्पियम यांच्या संयुक्त औषधास मान्यता मिळाली. त्यातील झॅनोमेलीन डी-२ ग्राहीला न अडविता ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींवर कार्य करते. सत्तर वर्षांच्या वाटचालीत ही दिशा नवी आहे. परंतु यावरून ‘आजार ॲसिटिलकोलीनमुळे होतो’ असे अनुमान काढणे म्हणजे जुनीच चूक नव्या रसायनासह करणे होय.

समारोप

या चिकित्सेचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत असा घेतल्यास ते घातक ठरेल. लॉयश्ट व सहकाऱ्यांनी २०१२ साली केलेल्या एकत्रित विश्लेषणात, औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार वर्षभरात उलटला, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६४ टक्के होते. गोळीचे मोल कारणमीमांसेच्या पूर्णतेवर अवलंबून नाही. अडचण वेगळीच आहे. ‘रसायन वाढले, गोळीने कमी केले’ एवढेच ज्या कुटुंबास सांगितले जाते, त्यास भास थांबल्यावर आजार संपला असे वाटते आणि गोळी बंद होते. किंवा मुलगा अंथरुणातून उठत नाही हा त्याचा आळस वाटू लागतो. कारण ‘रसायन तर ठीक झाले’. उर्वरित लक्षणे, पुनर्वसन व कौटुंबिक आधार यांना त्या एका वाक्यात जागाच नसते.

म्हणून अध्यापकांनी हे विधान पुढीलप्रमाणे मांडावे असे वाटते : डोपामिनच्या संदेशवहनातील बिघाड भास व भ्रम यांच्याशी निगडित आहे, प्रचलित औषधे त्यावर कार्य करतात, आणि आजाराचे मूळ अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही. वाक्य थोडे लांबते. पण त्यातून विद्यार्थ्यास परिणाम आणि कारण यांतील भेद कळतो, आणि रुग्णाकडे पाहण्याची दृष्टीही अधिक समंजस होते.