पडद्यावरचा घन खरा आहे का?

एर्नो रुबिक यांनी १९७४ साली बुडापेस्टमध्ये घडवलेला रंगीत घन संगणकावर उतरवणे हा शाळेसाठी चांगला प्रकल्प आहे. पण सोपी वाट धरली तर तो चित्रावरच थांबतो. ५४ चौकोनांची यादी करायची आणि घन विस्कटायला त्यांत वाटेल तसे रंग भरायचे, ही ती वाट. यातला दोष मूलभूत आहे. घनावरचे रंग सुटे नसतातच; कोपऱ्याच्या तुकड्याला तीन व कडेच्या तुकड्याला दोन रंग कायमचे जखडलेले असतात.

तुकडे जपले तरी भागत नाही. बाजू एकदा फिरवली की चार कोपरे आणि चार कडा बरोबरच सरकतात. म्हणून बाकी सारे जागेवर ठेवून दोनच कोपऱ्यांची अदलाबदल करता येत नाही. तुकडे सुटे करून मनास येईल तसे बसवले, तर १२ मांडण्यांपैकी एकच जुळण्याजोगी निघते. तेव्हा जुळलेला घन फिरवूनच विस्कटावा.

शिक्षकांनी एक कसोटी लावावी. आधी उजवी, मग वरची बाजू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवावी. ही जोडी १०५ वेळा केल्यावरच घन पूर्ववत झाला पाहिजे. नाही झाला, तर प्रोग्रॅम कितीही देखणा असो, तो रुबिकचा घन नव्हे.