खिशातला मदतनीस: त्याला अद्ययावत कोण करतं?

आजचा आपला विषय आहे फोनमधले रोजची माहिती देणारे मदतनीस. सकाळी पाऊस पडेल का, कामावर पोचायला किती वेळ लागेल, आज कोणती भेट ठरली आहे, हे सांगणारे. यांची तुलना करणारे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. दोन फोन शेजारी ठेवायचे, दोघांना तेच प्रश्न विचारायचे आणि बरोबर उत्तरं मोजायची. आम्हाला ही परीक्षा अपुरी वाटते. आज पहिला आलेला मदतनीस सहा महिन्यांनी तोच राहील का, हे ती विचारतच नाही. म्हणून आज आपण त्यांना वेगळ्या कसोटीवर लावू: हे बदलतात कसे, आणि बदलताना आपल्या हातून काय जातं?

सुरुवात भिंतीवरून करू. कालनिर्णय १९७३ पासून आपल्या घरांत आहे. ते वर्षातून एकदा बदलतं. मध्येच जाहीर झालेली सुट्टी त्यात सापडत नाही, हा त्याचा दोष. पण तिथी कुठे छापलेली असते हे एकदा कळलं की डिसेंबरपर्यंत ती जागा हलत नाही. डोळ्यांना सवय होते. म्हणजे बघा, अद्ययावत होणं दोन प्रकारचं असतं. एक, माहिती ताजी होणं. दुसरं, माहिती देणाराच बदलणं. फोनमध्ये या दोन्ही गोष्टींना आपण ‘अपडेट’ हा एकच शब्द वापरतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

आता सिरी. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस सोबत ती आली. रीत सरळ होती: तुम्ही विचारा, ती सांगेल. नवी आयओएस आवृत्ती दरवर्षी कंपनीकडून थेट मिळते, मध्ये दुसरा कुणी नसतो. ही शिस्त चांगलीच आहे. पण अपडेट मिळालं म्हणजे सगळं मिळालं, असं नाही. जून २०२४ मध्ये ॲपलने तुमचे निरोप, भेटी, प्रवास यांचा संदर्भ समजणारी सिरी जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये सांगितलं की तिला उशीर होईल. शिवाय ती चालायला आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढचा फोन हवा. म्हणजे आवृत्ती तीच, पण मदतनीस मात्र खिसा पाहून.

गूगल नाऊची कथा वेगळी. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.१ बरोबर ते आलं. त्याला विचारावं लागत नसे. हवामान, रस्त्यावरची गर्दी, विमानाची वेळ, सगळं कार्डांच्या रूपात समोर येई. आमच्या मते रोजच्या माहितीसाठी ही सर्वांत योग्य कल्पना होती. एक नजर टाकली की काम झालं. अडचण पोचवण्याची होती. अँड्रॉइडची नवी आवृत्ती फोन बनवणाऱ्यांच्या मार्फत येई, आणि कित्येक फोनांपर्यंत ती येतच नसे. मग गूगलने हा मदतनीस प्ले स्टोअरवरून अद्ययावत होणाऱ्या ॲपमध्ये वाढवत नेला. एप्रिल २०१३ मध्ये तो आयफोनवरही आला. तांत्रिकदृष्ट्या हा उत्तम तोडगा होता.

पण ज्या रस्त्याने गोष्ट झटपट येते, त्याच रस्त्याने ती झटपट जातेही. मे २०१६ मध्ये गूगल असिस्टंट जाहीर झाला आणि पुन्हा ‘आधी विचारा’ ही रीत आली. त्याच वर्षाच्या शेवटी कार्डांची विभागणी झाली: एका बाजूला तुमच्या आवडीच्या बातम्या, दुसऱ्या बाजूला तुमच्या दिवसाची कामं. बातम्यांची बाजू पुढे डिस्कव्हर झाली. ‘आज तुमच्या दिवसात काय आहे’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘आणखी काय वाचाल’ हा पुढे आला. पहिला प्रश्न आपला वेळ वाचवतो, दुसरा आपला वेळ मागतो. याला सुधारणा म्हणायला आम्ही तयार नाही.

तिसरी कॉर्टाना, मायक्रोसॉफ्टची, २०१४ सालची. तिच्याकडे नोटबुक होतं. तुमच्याबद्दल तिला काय माहीत आहे ते त्यात दिसे आणि नको ते तुम्हाला काढता येई. पारदर्शकतेत तिचा क्रमांक पहिला. पण विंडोज फोन टिकला नाही. अँड्रॉइड आणि आयफोनवरचं तिचं ॲपही ३१ मार्च २०२१ ला बंद झालं. लोकांच्या आठवणींच्या नोंदी मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये हलवल्या गेल्या. जाताना निदान सामान हाती दिलं, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

आता घरातली एक गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. आमचे काका तळेगावहून आठवड्यातून दोनदा पुण्याला जातात. फोनवरचं पावसाचं आणि प्रवासाच्या वेळेचं कार्ड पाहायला ते महत्प्रयासाने शिकले होते. एका सकाळी त्या जागी कुठल्यातरी सिनेमाचा व्हिडिओ होता. त्यांनी विचारलं, “माझ्या हातून काही बिघडलं का रे?” त्यांच्या हातून काही बिघडलं नव्हतं. रात्रीतून ॲप बदललं होतं, त्यांना न सांगता. त्यानंतर त्यांनी तो फोन कामासाठी उघडणं कमी केलं. हा तोटा कुठल्याच तुलनेत मोजला जात नाही.

याला दुसरी बाजूही आहे, ती सांगितलीच पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये गूगल असिस्टंट मराठी बोलू लागला आणि जून २०२४ मध्ये जेमिनीचं ॲप मराठीत आलं. कालनिर्णयासारखी वर्षभर वाट पाहावी लागली नाही. सुरक्षेचे दोषही असेच तातडीने दुरुस्त व्हायला हवेत. तेव्हा अपडेट बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. नुसतं ॲपचं अपडेट थांबवून भागतही नाही, कारण बराचसा बदल कंपनीच्या सर्व्हरवरच होतो.

आमचं मागणं साधं आहे. दुरुस्ती आणि वागण्यातला बदल वेगळे ठेवा. वागणं बदलणार असाल तर आधी, माणसाच्या भाषेत सांगा. जुनी पद्धत काही महिने चालू ठेवा. जुना मदतनीस काढून नवा देताना, जुन्याची कोणती कामं नवा मराठीत करू शकत नाही, याची यादी द्या.

आणि तोवर आपण काय करायचं? पुढच्या वेळी अशी तुलना पाहाल तेव्हा किती उत्तरं बरोबर आली एवढंच पाहू नका. हा मदतनीस उद्या बदलला तर मला कळेल का, आणि माझ्या नोंदी मला परत मिळतील का, हे दोन प्रश्न त्यात जोडा. घरातल्या ज्येष्ठांचा फोन एखाद्या सकाळी त्यांच्या शेजारी बसून पाहा. त्यांचं काही चुकलेलं नाही, हे त्यांना सांगावं लागतं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.